उघड्या बोळावरची लाकडी जमीन: कड्यांचे गाळे भरणे आणि खालून झाकणे

खाली येण्याजाण्याचा उघडा बोळ आणि वर राहती खोली असेल, तर त्या खोलीची जमीन म्हणजे एक आडवी बाहेरची भिंतच असते. पायाखाली 20 मिमीच्या फळ्या, त्यांच्याखाली कड्या, म्हणजे फळ्यांना पेलणारी आडवी लाकडे, दोन कड्यांमध्ये मोकळा गाळा आणि कड्यांखाली थेट वारा. अशा उघड्या जमिनीतून जेवढी उष्णता निसटते ती 200 मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भरलेल्या जमिनीच्या साधारण बारा-तेरापट असते. थंडीत खोली कितीही तापवली तरी पाय गार राहतात ते यामुळेच.

पण ज्या वाऱ्याने खोली गार पडते, त्याच वाऱ्याने कड्या वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या असतात. भिंतीतून थोडी ओल आली, वरून थोडे पाणी झिरपले, तरी बोळातला वारा ती वाळवून टाकत असतो. कड्या झाकल्या की ही सोय संपते. म्हणून काम दुहेरी आहे: वारा पूर्ण अडवायचा, पण ओल आत कोंडायची नाही. सामान निवडण्यापासून शेवटचा स्क्रू मारण्यापर्यंत प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून पाहा.

आधी लाकूड तपासा

या पाहणीला अर्धा दिवस द्या. हातात दाभण, हातोडी, चांगला टॉर्च आणि लाकडातली ओल मोजणारे मीटर हवे. प्रत्येक कडी मध्यावर आणि भिंतीत शिरते त्या दोन्ही टोकांशी तपासा. मध्यावर कडी ठणठणीत असते, कुजते ती टोकाला, कारण विटांमधली ओल तिथेच लाकडाला भेटते.

दाभण हाताच्या जोराने दाबून पाहा. सहज 5 मिमीपेक्षा जास्त आत गेले तर तिथले लाकूड मऊ पडले आहे. हातोडीचा आवाज भद्द आला तर आतून पोकळ असण्याची शंका घ्या. लाकडाचा पिठूळ भुसा म्हणजे भुंगा, मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी, आणि कापसासारखी बुरशी किंवा चौकोनी तडे म्हणजे कूज.

मीटरवर ओल 20 टक्क्यांच्या वर दिसली तर काम थांबवा. त्याच्या वर कूज धरण्याचा धोका सुरू होतो, 18 किंवा त्याहून कमी आकडा असेल तर निर्धास्त राहता येते. ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरच्या न्हाणीघराची गळती, बोळाच्या तोंडाशी फुटलेला पावसाच्या पाण्याचा पाइप किंवा विटांमधल्या सांध्यांचा भराव निघालेली भिंत, बहुतेकदा कारण यांपैकीच एक असते. कारण दूर केल्यावरही लाकूड वाळायला काही आठवडे लागतात. तेवढे थांबा. ओले लाकूड झाकणे हे या कामातले सर्वांत महाग पाप आहे, कारण ते कळते तेव्हा जमीन हलायला लागलेली असते.

टोके कुजलेली असतील तर दुरुस्ती आधी. कुजक्या कडीच्या शेजारी नवी कडी बोल्टने जोडता येते, पण तिचे टोक भिंतीवर किती टेकते आणि भार कसा उतरतो हे इंजिनिअरकडून ठरवून घ्या. लाकूड ठीक असेल तर साफसफाईनंतर सर्व बाजूंना बोरॉनयुक्त लाकूडरक्षक ब्रशने दोन हात लावा. ते पाण्यात विरघळते, त्यामुळे पावसात उघड्या लाकडावर टिकत नाही, पण झाकलेल्या कड्यांना चांगले काम देते.

पाहणी करताना आणखी दोन गोष्टी बघा. जुन्या घरात पूर्वी कोणी राखाडी सिमेंटचे पत्रे मारून ठेवले असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. नमुना तपासल्याशिवाय ते तोडू किंवा घासू नका. आणि गाळ्यांत पक्ष्यांची घरटी किंवा वटवाघळे असतील तर पिल्ले उडून जाईपर्यंत थांबा, अनेक देशांत वटवाघळांना कायद्याचे संरक्षण आहे.

आग आणि शेजारी

बोळ हा अनेकदा घरातून बाहेर पडायचा एकमेव मार्ग असतो. खाली कचऱ्याचा डबा किंवा दुचाकी पेटली तर ज्वाळा थेट वरच्या जमिनीला लागतात. त्यामुळे या छतावर काय मारायचे हे फक्त दिसण्यावर ठरत नाही. अर्धा तास की एक तास आग थोपवायची, हे तुमच्या इमारतीला लागू असलेल्या नियमांवर अवलंबून असते. काम सुरू करण्याआधी स्थानिक बांधकाम खात्याकडे विचारा. बोळ सामाईक असेल किंवा वरची खोली दुसऱ्याच्या मालकीची असेल तर लेखी संमती घ्या.

एक गोष्ट नीट समजून घ्या: आग थोपवण्याची क्षमता एकट्या बोर्डाला नसते. बोर्ड, त्याची जाडी, स्क्रूंमधले अंतर, सांधे आणि मागचा थर यांची एकत्र चाचणी झालेली असते. उत्पादकाच्या पत्रकात जशी रचना दिली आहे तशीच करा. त्यात स्क्रू 200 मिमीवर सांगितले असतील आणि तुम्ही 400 वर मारले तर ती हमी संपली. खाली दिलेल्या अंतरांपेक्षा पत्रकात वेगळे काही असेल तर पत्रकच खरे.

गाळ्यांत काय भरायचे

थंड हवेच्या ठिकाणी आमची पसंती निःसंशय रॉकवूलच्या अर्धकडक पाट्यांना आहे. घनता घनमीटरला 40 ते 60 किलो घ्या. त्या जळत नाहीत, वाफ अडवत नाहीत, वाकड्यातिकड्या कडीला चिकटून बसतात आणि बोळातल्या बोलण्याचा आवाजही कमी करतात. मऊ गुंडाळी स्वस्त पडते, पण छतात ती लोंबते आणि फळीपासून सुटते.

फोमच्या कडक पाट्या त्याच जाडीत जास्त उष्णता अडवतात. पीआयआर या कडक फोमची उष्णतावाहकता 0.022 च्या आसपास, रॉकवूलची साधारण 0.035, आणि हा आकडा जितका कमी तितके चांगले. कागदावर फोम जिंकतो. पण जुन्या कड्या कधीच सरळ नसतात. पाटी चौकोनी कापली की बाजूने 5–10 मिमीची फट राहते आणि त्या फटीतून वारा पाटीच्या पाठीमागे फिरतो. प्रत्येक फट फोमने भरायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा, आणि आगीच्या अटी आधी तपासा. थर्माकोल तर नकोच. ते सहज पेटते, आणि वायरच्या पीव्हीसी आवरणाला टेकले की त्यातला मऊपणा शोषून घेते, मग आवरण कडक होऊन तडकते. फवारून चिकटवायचा फोमही टाळा. तो कडीला कायमचा चिकटतो, मागची कूज दिसत नाही आणि ओले लाकूड वाळू शकत नाही.

वाफेची दिशा हवामानानुसार बदलते, आणि इथे बरेच जण चुकतात. थंड प्रदेशात घरातली ऊबदार, दमट हवा खाली बाहेरच्या दिशेने जाऊ पाहते. म्हणून खालचा थर वाफ सोडणारा हवा. ढोबळ नियम असा की आतल्या थरांचा वाफेला विरोध बाहेरच्या थरांच्या निदान पाचपट असावा. कड्यांखाली प्लॅस्टिकचा कागद किंवा अॅल्युमिनियमचा चंदेरी वर्ख मारला तर वाफ तिथे गार होऊन पाणी होते, आणि ते पाणी रॉकवूलमध्ये व कड्यांच्या खालच्या अंगाला साठते.

उष्ण, दमट प्रदेशात एसी लावलेल्या खोलीखाली नेमके उलट घडते. बोळातली दमट हवा वर चढते आणि गार फळ्यांच्या खालच्या अंगाला घाम धरते. तिथे वाफ अडवणारा थर खाली, म्हणजे बोळाच्या बाजूला हवा. सांधे टेपने बंद केलेल्या, वर्ख लावलेल्या कडक पाट्या कड्यांखालून सलग मारणे तिथे जास्त योग्य. अशा खोलीत वर व्हिनाइलची सलग चादर घातलेली असेल तर हे आणखी महत्त्वाचे, कारण खालून आलेली वाफ त्या चादरीखालीच अडकते. पुढची रीत थंड हवेसाठी दिली आहे.

सामानाचा हिशेब

उदाहरण म्हणून 8 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद बोळ घेऊ. कड्या 50 × 200 मिमी, मध्यापासून मध्यापर्यंत 400 मिमीवर, बोळाच्या आडव्या टाकलेल्या. म्हणजे 21 कड्या, 20 गाळे, प्रत्येक गाळा 350 मिमी रुंद.

- रॉकवूल पाटी, 100 मिमी जाडीची, दोन थर: 20 × 0.35 × 1.2 म्हणजे 8.4 चौरस मीटर, दोन थरांचे 16.8. कापण्यात जाणारे 10 टक्के धरून 18.5 चौरस मीटर.
- वारा अडवणारे पण वाफ सोडणारे कापड, म्हणजे ब्रीदर मेम्ब्रेन: 1.5 मीटर रुंदीचे, साधारण 8.5 मीटर. ही रुंदी मुद्दाम घ्यायची, कारण 1.2 मीटर छत आणि दोन्ही भिंतींवर 150 मिमी दुमड, असे सगळे एकाच तुकड्यात येते आणि मध्ये सांधा राहत नाही.
- रिपा 25 × 50 मिमी: 21 × 1.2 म्हणजे सव्वापंचवीस मीटर. 28 मीटर आणा.
- फायबर सिमेंट किंवा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड, 12 मिमी, 1.2 × 2.4 मीटर: चार. 2.4 मीटरमध्ये 400 चे सहा गाळे बरोबर बसतात, त्यामुळे प्रत्येक सांधा आपोआप कडीवर येतो.
- स्क्रू, स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्ड: रिपांसाठी 70 मिमीचे 110, बोर्डांसाठी 45 मिमीचे 200.
- आग थोपवणारा सीलंट, फटींसाठी अॅक्रिलिक सीलंट, मेम्ब्रेनची टेप, 6 मिमीपेक्षा लहान छिद्रांची गंज न धरणारी जाळी.

सर्व मिळून छतावर चौरस मीटरला साधारण 25 किलो भार वाढतो. घरातल्या जमिनीसाठी नेहमी धरला जाणारा वापराचा भार चौरस मीटरला 150 ते 200 किलो असतो, त्यामुळे ठणठणीत कड्यांना ही वाढ जड नाही. आधीच झुकलेल्या कड्यांसाठी मात्र हिशेब करून घ्या.

उंची किती जाते तेही मोजा. रीप आणि बोर्ड मिळून 40 मिमीच्या आत. उंचीला वाव असेल तर कड्यांखाली 40 मिमीची आणखी एक सलग पाटी फार उपयोगी ठरते. कारण असे: या रचनेत लाकूड छताच्या फक्त एक अष्टमांश भागात आहे, पण उष्णतेपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा त्या लाकडातूनच जातो. नुसते गाळे भरले तर यू-मूल्य, म्हणजे जमिनीतून उष्णता निसटण्याचा दर, 0.21 च्या आसपास येते, ती 40 मिमी पाटी दिली की 0.17 च्या खाली. तेव्हा रिपांचे स्क्रू 70 ऐवजी 110 मिमीचे घ्या. डोक्यावरची मोकळी उंची 2 मीटरच्या खाली जात असेल तर हा मोह सोडा.

काम

पावसाळी दिवस टाळा. शिडीवर उभे राहून डोक्यावर काम करू नका. दोन घोड्या आणि त्यांवर जाड फळ्या टाकून परांची बांधा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर एन-95 दर्जाचा मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. रॉकवूलचे तंतू वरून पडतात आणि मानेत शिरले की दिवसभर खाज थांबत नाही. सामाईक बोळ असेल तर आदल्या दिवशी सर्वांना सांगा आणि रात्री वाट मोकळी सोडा.

*साफसफाई आणि फटी.* जुनी जळमटे, सुटे खिळे, लोंबणाऱ्या तारा काढा. मग खोलीतला दिवा लावून बोळात अंधार करा. जिथून उजेड दिसतो तिथून वारा जातो. फळ्यांमधल्या फटी अॅक्रिलिक सीलंटने भरा, 6–8 मिमीहून रुंद फटींत आधी फोमची दोरी दाबा. पाइप फळीतून जातो तिथली भोके हमखास राहून जातात.

*भिंतीवरचे गाळे.* संपूर्ण कामातली सर्वांत दुर्लक्षित जागा हीच. कड्या अनेकदा बोळाच्या भिंतीवर संपत नाहीत, त्या भिंतीवरून पुढे शेजारच्या खोलीच्या छतात जातात. दोन कड्यांच्या मध्ये, भिंतीच्या माथ्यावर उघडा चौकोन राहतो. बोळातला वारा तिथून शिरतो आणि तळमजल्याच्या छतातून घरभर फिरतो. हे चौकोन उघडे ठेवून 300 मिमी रॉकवूल भरले तरी वरची जमीन गारच राहील. प्रत्येक चौकोनात फायबर सिमेंटचा तुकडा मापात कापून बसवा आणि चारही कडा आग थोपवणाऱ्या सीलंटने बंद करा. विटा आणि चुन्याचा मसालाही चालतो, फक्त कडीच्या लाकडाला ओला गिलावा लावू नका. तिथे पातळ डीपीसीची, म्हणजे ओल अडवणारी, पट्टी ठेवा.

*नळ आणि वायरी.* पाण्याचा नळ इन्सुलेशनच्या खाली राहिला तर तो आता पूर्वीपेक्षा जास्त गारठतो, कारण वरून येणारी ऊब बंद होते. थंड प्रदेशात तो गोठून फुटेल. नळ वर फळीच्या बाजूला घ्या, निदान त्याच्या वर इन्सुलेशन न ठेवता खाली आणि बाजूंनी भरा. वायर अर्धा मीटर किंवा त्याहून लांब अंतर चारही बाजूंनी इन्सुलेशनमध्ये बुडाली तर तिची वीज वाहण्याची क्षमता निम्मी धरावी लागते. म्हणून वायरी कडीच्या अंगाला चिकटवून न्या किंवा जाड वायर टाकून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनचे आहे. बोळातला दिवा बोर्डाच्या खाली, पृष्ठावर बसणारा आणि आयपी65 दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा, घ्या. छतात भोक पाडून बसवायचा दिवा म्हणजे वाऱ्याला आणि आगीला आयती वाट.

वर न्हाणीघर असेल तर ट्रॅपच्या बरोबर खाली 300 × 300 मिमीचे स्क्रूने उघडणारे झाकण ठेवण्याची जागा आत्ताच आखून घ्या.

*भरणे.* पाटी गाळ्यापेक्षा 10 मिमी रुंद कापा. 350 च्या गाळ्याला 360. प्रत्येक गाळा वेगळा मोजा, एकाच मापाने वीस तुकडे कापले तर निम्मे सैल बसतात. लांब दात्याची सुरी किंवा जुनी करवत वापरा. पहिला थर वर ढकला, तो फळीला पूर्ण टेकला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर वारा त्या पोकळीत खेळतो आणि खालचे इन्सुलेशन वाया जाते. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. कडी 225 मिमीची असेल आणि थर 200 चे असतील, तर उरलेले 25 मिमी खाली सोडा, वर कधीही नको. जाड थर दाबून कमी जागेत कोंबू नका, त्यातली कोंडलेली हवाच तर ऊब धरते.

बोळाच्या दोन्ही तोंडांशी शेवटची कडी आणि दर्शनी भिंत यांच्यामध्ये 30–50 मिमीची चिंचोळी जागा असते. हात जात नाही म्हणून ती सोडली जाते. पाटीची पट्टी कापून पट्टीने आत ढकला.

*मेम्ब्रेन.* गुंडाळी बोळाच्या लांबीने उलगडत न्या, 150 मिमीवर स्टेपल मारा. ताणून बसवा, झोळ राहिला तर वाऱ्यात फडफडते. दोन्ही भिंतींवरची दुमड सीलंटवर दाबून बसवा. भिंत धुळकट असेल तर आधी ब्रशने घासा, नाहीतर सीलंट धूळ धरतो, भिंत नाही. फाटले तिथे टेप.

*रिपा.* प्रत्येक कडीखाली, मेम्ब्रेनवरून, दर 300 मिमीवर एक 70 मिमी स्क्रू. टोकांना आधी भोक पाडा, नाहीतर रीप चिरते. दोरी ताणून पातळी बघा. कड्यांत चढउतार असेल तर पातळ चकत्या घालून रिपा एका सपाटीत आणा. छत सपाट दिसणे इथेच ठरते, बोर्ड लावताना काही करता येत नाही.

*बोर्ड.* भिंती समांतर असतीलच असे नाही, दर अर्ध्या मीटरवर रुंदी मोजा आणि दोन्ही बाजूंना 5 मिमी सोडून कापा. सिमेंट बोर्डाची धूळ सिलिकाची असते, फुफ्फुसाला घातक. कोरडा ग्राइंडर लावू नका. खरवडून रेघ पाडा आणि मोडा, तेही उघड्यावर. 12 मिमी फायबर सिमेंटचा पूर्ण बोर्ड 45 किलोच्या आसपास भरतो. दोन माणसे आणि टी आकाराचे दोन टेकू हवेतच.

स्क्रू दर 200 मिमीवर, कडेपासून 12–15 मिमी आत, कोपऱ्यापासून 50 मिमी दूर, आधी भोक पाडून. डोके पृष्ठाशी समतल येईल इतकेच पिळा. आत घुसले तर बोर्ड तिथे तडकतो. बोर्डांमध्ये 3 मिमी फट ठेवा. सर्व सांधे आणि भिंतीकडच्या फटी आग थोपवणाऱ्या सीलंटने भरा. रंग वाफ सोडणारा, पाण्यात मिसळणारा घ्या. तैलरंग लावला तर खालचा मोकळा राखलेला थर तुम्ही स्वतःच बंद करता.

*तोंडे.* बोळाच्या दोन्ही उघड्या टोकांना पाऊस तिरपा येतो आणि पाणी छताच्या पोटाला धरून आत सरकते. तिथे थेंब तोडणारी अॅल्युमिनियमची पट्टी मारा, पाणी तिच्या ओठावरून खाली पडते. पट्टीच्या मागे फट राहत असेल तर जाळी दाबून बसवा. उंदराला पेन्सिल जाईल एवढे भोक पुरते, आणि रॉकवूल त्याला घरट्यासाठी आवडते.

लक्षणे वाचायला शिका

काम झाल्यावर पहिल्या कडाक्याच्या, वाऱ्याच्या रात्री खोलीत अनवाणी फिरून पाहा. जमीन मध्ये ऊबदार पण भिंतीलगत गार लागत असेल तर भिंतीवरचे गाळे नीट बंद झालेले नाहीत. सगळीकडे सारखीच गार असेल तर पाटी फळीपासून सुटली आहे. बोर्डावर कड्यांच्या रेषेत काळसर पट्टे दिसले तर रिपांशी ओल धरते आहे, आणि एकाच ठिकाणी पिवळा गोल डाग म्हणजे वरून गळती.

पहिल्या वर्षी दोनदा, पावसानंतर आणि थंडी संपताना, झाकण उघडून जवळच्या कडीवर मीटर लावा. झाकण ठेवले नसेल तर भिंतीजवळच्या बोर्डात 10 मिमीचे भोक पाडून मीटरच्या लांब पिना आत घाला आणि नंतर भोक सीलंटने बुजवा. आकडा 18 च्या आत राहिला तर पुढे वर्षातून एकदा पुरे. 20 च्या वर गेला तर बोर्ड उतरवा, त्या गाळ्यातले रॉकवूल काढा आणि पाणी कुठून येते ते सापडेपर्यंत कडी उघडी ठेवा.